एकांत शेजारच्या सातबाऱ्यावर शोधा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघंही गेल्या वर्षी निवृत्त झालो. सगळा संसार डोंबिवलीत, रेल्वेलाइनला लागून झाला. आता डोंगरात एखादं लहानसं, शांत घर घ्यावं असं फार मनात आहे. दोन वर्षांत आठ-नऊ जागा बघितल्या. भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाची एक जागा मनात भरली. एक एकर जमीन, बिनशेती झालेली, त्यात दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे पडवी. पडवीत बसलं की एकही घर दिसत नाही. नुसती झाडी, खाली पाणी, मागे डोंगर. एजंट म्हणतात, मागे वनखातं आहे, त्यामुळे हा एकांत कायमचा. आम्ही दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा ऑगस्टमध्ये, दुपारी. विसार द्यायच्या आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं. हा एकांत टिकेल का, हे कसं ओळखायचं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विसार द्यायच्या आधी लिहिलंत, फार बरं केलंत. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. भूकरमापक म्हणून लागले, निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारी, म्हणून निवृत्त झाले, आणि त्यातली बरीच वर्षं भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मोजणी करण्यात गेली. तुम्ही म्हणता तो हिरडस मावळाचा भाग मी पायी फिरलेय. सुंदर आहे. तिथे राहावंसं वाटणं अगदी समजू शकते.

आधी तुमचा एक एकर जमिनीवर मांडून बघू. आमची जुनी शंकूसाखळी 33 फुटांची. 33 बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. जागा चौकोनी धरली तर एका बाजूची लांबी भरते जेमतेम 208 फूट. घर बरोबर मध्यावर असलं तरी कुठलीही हद्द घरापासून शंभर फुटांवर. डोंगरातल्या शांत रात्री शंभर फुटांवर चार माणसं गप्पा मारत बसली तर त्यांच्या घरातली भांडणंसुद्धा तुम्हाला कळतील. म्हणजे पडवीतून जो एकांत तुम्हाला दिसला, तो बहुतेक सगळा तुमच्या हद्दीच्या बाहेरचा आहे. त्याचे पैसे तुम्ही या मालकाला देताय, पण तो त्याच्या हातात नाही. तो शेजारच्या सात-आठ गटांच्या मालकांच्या हातात आहे.

म्हणून जागा घेणारे सगळे स्वतःच्या सातबाऱ्यावर डोळे लावून बसतात तेव्हा मला राहवत नाही. तो तर बघायचाच, पण एकांत हवा असेल तर शेजारचे सातबारे वाचा. महाभूनकाशावर तुमचा गट उघडला की लगतच्या गटांचे नंबर दिसतात, आणि महाभूलेखवर त्या प्रत्येकाचा सातबारा घरबसल्या बघता येतो. एक संध्याकाळ यात घाला. शेजारच्या गटावर एकाच घरातल्या भावा-बहिणींची, पुतण्यांची नावं असतील तर ती वडिलोपार्जित जमीन आहे. ती उद्या विकली जाणारच नाही असं नाही, पण अजून बाजारात उतरलेली नाही एवढं कळतं. त्याच गटावर गेल्या चार-पाच वर्षांत लागोपाठ फेरफार पडलेले असतील, वेगवेगळ्या आडनावांची दहा-पंधरा नावं असतील आणि प्रत्येकाच्या नावापुढे थोडंथोडं क्षेत्र असेल, तर समजा की तिथे प्लॉट पडलेत. आज तिथे गवत आहे. पाच वर्षांनी पंधरा पडव्या असतील आणि प्रत्येक पडवीत शनिवारी गाणी.

जागेवर गेल्यावरही या खुणा दिसतात. घर एकही नाही आणि मुरमाचा रस्ता मात्र ताजा. माळावर विजेचे नवे खांब, कुणाच्याच दाराशी न जाणारे. गवतात गुडघाभर उंचीचे सिमेंटचे खांब, डोक्याला लाल रंग लावलेला. मला एकदा एका पठारावर असे खांब मोजत मोजत जाताना त्रेसष्ट सापडले होते. विकत घेणाऱ्या गृहस्थांना मात्र तिथे फक्त रानफुलं दिसली होती, कारण ते सप्टेंबरात आले होते आणि खांब फुलांच्या खाली होते. संगणक असेल तर गूगल अर्थवर त्या जागेची जुनी छायाचित्रं एकामागून एक सरकवून बघा. दहा वर्षांत आजूबाजूला काय काय उगवलं, ते समोर येतं.

आता मागच्या वनखात्याबद्दल. मागे खरोखर राखीव वन असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे, तिकडून सहसा घर उगवत नाही. पण ‘मागे वनखातं’ हे तोंडी ऐकून विश्वास ठेवू नका. वनाची हद्द नकाशावर बघा, आणि मुख्य म्हणजे ती तुमच्याच जागेतून जात नाही ना, ते बघा. 1975 च्या खाजगी वनांच्या कायद्यामुळे डोंगरातल्या कितीतरी खाजगी जमिनी वन म्हणून नोंदल्या गेल्या. तुमच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तसा उल्लेख असेल तर तिथेच थांबा, वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि मागचा डोंगर वनाऐवजी गायरान निघाला, तर तो सरकारी असला तरी सार्वजनिक कामाला दिला जाऊ शकतो. अलीकडे अशा जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहताहेत.

बिनशेतीचा आदेशही मागून घ्या. तो पूर्ण एकराचा आहे की घराखालच्या चार-पाच गुंठ्यांचाच, ते वाचा. उरलेली जमीन शेतीची असेल तर ती घ्यायला आपल्या राज्यात घेणारा शेतकरी असावा लागतो.

तुम्ही दोन्ही वेळा ऑगस्टमध्ये गेलात याची मला खरी काळजी वाटते. सह्याद्रीत ऑगस्टमध्ये प्रत्येक जागा एकांताची असते. पाऊस पडदा धरतो, कारवी डोक्याच्या वर गेलेली असते. तीच जागा होळीनंतर बघा. सावर, पांगारा, पळस, बोंडारा पानं टाकून मोकळे झालेले असतात आणि जिथे हिरवी भिंत होती तिथे जाळी उरते. जाळीतून पलीकडच्या सोंडेवरचं रिसॉर्ट दिसायला लागतं, त्याच्या निळ्या टाकीसकट. म्हणून आडोसा झाडांचा आहे की डोंगराचा, हे ओळखायला शिका. मध्ये डोंगराची धार आली असेल, घर घळीच्या वळणाआड असेल, तर तो आडोसा कुणी तोडू शकत नाही. झाडांचा आडोसा तुमच्या हद्दीतल्या झाडांपुरताच तुमचा.

आणि पाणी. खाली जलाशय दिसतो म्हणून लोक जादा पैसे मोजतात. मी एकदा भाटघरच्या काठावर मोजणीला गेले होते. सकाळची वेळ, वारा नाही, पाणी काचेसारखं. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे धुवत होती, बोटाएवढी दिसत होती. तिचं धोपाटणं खाली आलेलं दिसायचं, पुन्हा वर उचललेलं दिसायचं आणि मग ‘थाप्’ असा आवाज कानावर यायचा, शेजारी धुतल्यासारखा स्वच्छ. पलीकडच्या पोराला तिने हाक मारली तर माझ्या मोजणीच्या शिपायाने मान वळवली. पाण्यावरून आवाज असा चालत येतो. रात्री खाली गार हवा साचली की आणखी लांबून येतो. पवनेच्या काठाला तंबू लागायला लागले तेव्हा तिथे वर डोंगरात राहणाऱ्यांनी हे भोगलंय. तुमच्या जागेखालच्या काठावर तंबूवाले येतात का, हे गावात विचारा. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा नियम 2000 सालापासून आहे, पण रात्री साडेअकराला तुम्ही तक्रार कुणाकडे आणि किती लांब जाऊन करणार, हा विचार आधी करायला हवा.

तेव्हा मालकाला विनंती करा की एक रात्र राहू द्या. शनिवारची रात्र. जमलं तर दुसऱ्यांदा मंगळवारची. घर विकायचं असेल तर कुणीही नाही म्हणत नाही. दिवे मालवून पडवीत बसा आणि नुसतं ऐका. जवळच्या घाटात गाड्या गिअर बदलतात तो आवाज येतो का? कुठल्या दिशेला आभाळ उजळलेलं दिसतं?

रस्त्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण एकांताच्या नादात सगळ्यात जास्त माणसं इथे फसलेली मी पाहिली आहेत. जी जागा सगळ्यात निवांत, तिला बहुतेक वेळा कायदेशीर रस्ताच नसतो. म्हणूनच ती निवांत राहिलेली असते. गाव नकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात, पायमार्ग एका तुटक रेषेने. तुम्ही ज्या रस्त्याने गाडी घेऊन गेलात तो नकाशात आहे का? आणि असला तर एका रेषेचा की दोन? एका जोडप्याने असंच शेवटच्या टोकाचं घर घेतलं होतं. रस्ता शेजाऱ्याच्या गटातून जायचा. म्हातारबाबा भले होते, कधी अडवलं नाही. ते गेले, जमीन तिघा मुलांत वाटली गेली आणि एके दिवशी वाटेवर काटेरी तार आली. मी हद्द कायम मोजणीला गेले तेव्हा ते काका गॅसचा सिलिंडर एका गड्याच्या खांद्यावर देऊन बांधाबांधाने येत होते. काकूंचा गुडघा दुखावलेला, त्यांना चार महिने खाली उतरता आलं नव्हतं. घर तेच, झाडी तीच, आणि दोघांना तिथला एक दिवस नकोसा झालेला. रस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून मागता येतो, आणि वहिवाटीचा रस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. पण त्यात वर्षं जातात आणि शेजारधर्म जातो तो वेगळाच. रस्ता वनाच्या जमिनीतून येत असेल तर तो पुढे रुंद किंवा पक्का होईल अशी आशा धरू नका.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जातं. डोंगराच्या पायथ्याशी, घळीच्या तोंडाशी एकटी सपाट जागा दिसली की ती फार गोड वाटते. पण विचारा की शेकडो वर्षं इथे राहणाऱ्या लोकांनी तिथे घर का नाही बांधलं. आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 ला गाडलं गेलं. महाड तालुक्यातलं तळीये जुलै 2021 मध्ये, खालापूरची इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, माती उपसायला यंत्रं वर नेता आली नाहीत, माणसं कुदळ-फावडी घेऊन चढून गेली. तुमच्या घरामागच्या डोंगरावर चढून बघा, स्वतःला जमत नसेल तर गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन माहीतगार माणूस पाठवा. झाडांची खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ गेलीत का, जमिनीला उताराला आडव्या भेगा आहेत का, वर कुणी जेसीबीने उतार कापून सपाटी केलीय का. घराच्या मागे मोठमोठे धोंडे मातीत अर्धे रुतून पसरलेत का. ते कधीतरी वरूनच आलेले असतात. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे किती वेळा बंद ठेवावा लागतो, हे तुम्ही बातम्यांत वाचतच असाल. तुमची जागा त्याच डोंगररांगेत आहे. यातली एक जरी खूण दिसली तर भूवैज्ञानिकाचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी जागेच्या किमतीपुढे काहीच नाही.

एवढं सगळं पार पडलं आणि जागा मनात अजून असेल, तर विसारपावतीत ‘मोजणी करून हद्द कायम झाल्यावर’ अशी अट घाला आणि मालकाला मोजणीचा अर्ज करायला लावा. क प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दींचा नकाशा, हातात येते हा एक फायदा. दुसरा फायदा कुणी सांगत नाही, तो मी सांगते. मोजणीच्या दिवशी सगळ्या लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि ते बांधावर येऊन उभे राहतात. तुमच्या एकांताचे सगळे मालक एकाच सकाळी, एका जागी. त्या दिवशी तुम्ही दोघं तिथे हजर राहा. घरून चहाचा मोठा थर्मास न्या. मोजणी चालू असताना तीन-चार तास रिकामे असतात, त्यांच्याशी बोला. कुणाचा मुलगा पुण्यात आहे, कुणाला रिसॉर्टवाल्याने विचारलंय, कुणी काही झालं तरी वरची वरई-नाचणीची खाचरं सोडणार नाही, हे सगळं त्या गप्पांत निघतं. मी अशा बांधांवर जे ऐकलंय ते कुठल्याच कागदावर नसतं. आणि पुढे घर घेतलंत तर पहिल्याच दिवसापासून तुम्ही त्यांच्या ओळखीचे असाल.

मे महिन्यात झऱ्याला किंवा विहिरीला पाणी असतं का, हे एजंटाला विचारण्याऐवजी तिथल्या पाणी भरणाऱ्या बाईला विचारा.

प्रश्न : मी 58 वर्षांची, एकटी आहे. आजरा-चंदगडच्या बाजूला जंगलाला लागून एक छोटं घर बघितलंय, सगळ्यात जवळची वाडी दोन किलोमीटरवर. भाऊ म्हणतो वेडेपणा करू नकोस. मला माणसांचा कंटाळा आलाय असं नाही, पण शांतता हवीय. काय करू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : घर जरूर घ्या, पण दोन किलोमीटर नको. वाडीपासून हाकेच्या अंतरावरचं, मात्र वाडीच्या मागच्या अंगाचं, तोंड दुसरीकडे असलेलं घर शोधा. शांतता तितकीच मिळते. आपल्याकडच्या वाड्यांमध्ये रात्री नऊनंतर कुत्र्यांशिवाय आवाज नसतो. आणि रात्री दिवा लागला नाही तर ‘ताई, बरं आहे ना?’ म्हणून विचारायला कुणीतरी येतं. माझ्या नोकरीत मी एकटी कितीतरी वाड्यांवर मुक्कामाला राहिले, शाळेच्या खोलीत, कुणाच्या ओसरीवर. मला भीती माणसांची कधी वाटली नाही, ओसाड जागेची वाटली.

जंगलाला लागून म्हणता, तर दोन गोष्टी नीट विचारून घ्या. चंदगड, आजरा आणि पलीकडे दोडामार्ग, या पट्ट्यात कर्नाटकातून आलेले हत्ती बरीच वर्षं वावरताहेत. त्यांची येण्या-जाण्याची वाट कुठली, हे वनरक्षकाला आणि शेतकऱ्यांना विचारा. घराला चिकटून फणस किंवा केळीची बाग असेल तर ती आवडण्यासारखीच असते, पण फणस पिकायला लागले की हत्तीलाही तीच आवडते. अशी झाडं घरापासून लांब असलेली बरी. दुसरं म्हणजे साप. मण्यार रात्री घरात शिरतो आणि त्याचा दंश कित्येकदा जाणवतही नाही, त्यामुळे जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. घर ठरवण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जा आणि सर्पदंशाचं इंजेक्शन तिथे कायम असतं का, रात्री डॉक्टर असतात का, विचारा. तिथून घरापर्यंत पावसाळ्यात गाडी यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा. मोबाइलची रेंज घरात, अंथरुणावर येते का तेही बघा, अंगणाच्या कोपऱ्यात येऊन उपयोग नाही.

भावाला एकदा बरोबर न्या. जागा बघितली की माणूस वेगळं बोलतो.

प्रश्न : पाटणच्या पठारावर एक जागा स्वस्तात मिळतेय. आजूबाजूला वस्ती अजिबात नाही, फक्त लांबवर पवनचक्क्या आहेत. चालेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : स्वस्त का, ते पावसाळ्यात कळेल. तिथे वारा जून ते ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात आणि पश्चिमेकडून असतो. पवनचक्क्या तुमच्या पश्चिमेला असतील तर पात्यांचा घरघराट थेट तुमच्यावर येणार, आणि रात्री बाकी सगळं गप्प झाल्यावर तोच ऐकू येणार. पूर्वेला असतील तर त्रास बराच कमी. सूर्य खाली असताना पात्यांची फिरती सावली अंगणात पडते का, हेही बघायला हवं. काहींना तिचा फार त्रास होतो. जुलैमध्ये एक रात्र तिथे काढा आणि खिडकी उघडी ठेवून झोपून बघा. झोप लागली तर पुढचं बोलू. तेव्हा सातबारा, गाव नकाशा आणि बिनशेतीचा आदेश तिन्हींच्या प्रती पाठवा, मी वाचून कळवते.